जेसीबी येण्याआधी

ती. दादास,


हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुझं अर्धं लक्ष समोरच्या वाळूच्या गाडीकडे असतं आणि "हं, कळलं, बघू" म्हणून तू विषय मिटवतोस. म्हणून लिहायला बसले. बिल्डरच्या करारनाम्यावर माझी सही हवी आहे, ती मी करणार आहे, हे आधीच सांगून टाकते. हिश्शाचा प्रश्न नाही. किती फ्लॅट, कुणाच्या नावावर, कितव्या मजल्यावर, यातलं मला काही नको. वहिनींना एवढं पहिल्यांदा वाचून दाखव, म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल. कोल्हापुरातलं, शुक्रवार पेठेतलं आपलं घर पडायला आलंच होतं. २०१९ च्या पुरात मागची भिंत भिजली, २०२१ च्या पुराने उरलीसुरली खचवली. टेकू तरी किती लावणार? पाड ते. मला बोलायचं आहे ते घराखालच्या जमिनीबद्दल.

टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये मला पहिल्यांदा तूच नेलंस, आठवतंय? आईने दळण आणायला पाठवलं होतं, गिरणीत नंबर लागायला वेळ होता, आणि तू मला सायकलच्या नळीवर बसवून थेट सीपीआर दवाखान्यासमोर आणलंस. बागेतली ती जुनी झाडं, दगडी इमारत, आत शिरल्यावर एकदम गार वाटलेलं. बाकीच्या मूर्तींकडे तू बघूही दिलं नाहीस. एका काचेच्या पेटीपुढे नेऊन उभं केलंस. आत वीतभरही नसलेला एक ब्राँझचा पुरुष. दाढी, पिळदार अंग, अंगावर चिंधी नाही, एक हात वर उचललेला आणि त्या हातात काहीच नाही. मी विचारलं, पैलवान आहे का? तू म्हणालास, "देव आहे. पोसायडन. ग्रीकांचा समुद्राचा देव. हातातला त्रिशूळ गेला." आपल्या गावात समुद्र कुठे आहे, या माझ्या प्रश्नावर तू क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलंस, "पंचगंगा कृष्णेला मिळती, कृष्णा समुद्राला. आला असंल उलटा पोहत." पुराच्या पाण्यात शिवाजी पुलावरून उड्या टाकणाऱ्या पोराला दुसरं काय सुचणार!

पुढे एम.ए.ला इतिहास घेतला तेव्हा कळलं, की कृष्णा जाते बंगालच्या उपसागराला आणि हा देव आला तो बरोबर उलट्या दिशेने. सह्याद्री चढून. रोमन साम्राज्यातली जहाजं पावसाळी वारं धरून कोकणच्या बंदरांना लागत. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने या सगळ्या बंदरांची वाटाड्या-वही लिहून ठेवली आहे, 'पेरिप्लस'. तिच्यात आपलं चौल आहे, सोपारा आहे, घाटावरचं पैठण आणि तेर आहे. पश्चिमेकडून काय यायचं? दारू यायची, त्यातही इटलीची जास्त खपायची. तांबं, कथील, शिसं, पोवळं यायचं. बंदरावर उतरलेला माल घाटवाटांनी वर चढायचा. अणुस्कुरा, आंबा, फोंडा, यांतल्या कुठल्या वाटेने आपला देव आला असेल? त्या वाटा तू ट्रकने कितीदा उतरला आहेस. पुढच्या वेळी एखाद्या वळणावर गाडी बाजूला घेऊन जरा विचार कर, की बैलाच्या पाठीवरच्या गोणीत, काथ्यात गुंडाळलेला भूमध्य समुद्राचा मालक इथून हळूहळू करवीरकडे चालला होता.

आणि माझी एम.ए.ची फी कशातून भरली गेली, हे मी विसरलेले नाही. तू कॉलेज सोडून गवंड्याच्या हाताखाली उभा राहिलास, नंतर स्वतः ठेके घेऊ लागलास, आणि घरात कुणी "पोरीला इतिहास शिकवून काय करायचंय" म्हटलं की तुझं एकच, "तिला आवडतं." एवढ्या दोन शब्दांवर माझं सगळं आयुष्य उभं आहे. तरीही आज तुझ्याशीच भांडणार आहे.

न्हाणीघर पाडून मागची खोली काढलीस, तेव्हाची गोष्ट. मी सुट्टीला घरी होते. पायाचा खड्डा पुरुषभर खाली गेला आणि गड्यांच्या टिकावाला विटा लागल्या. आताच्या विटांसारख्या नव्हेत. जवळजवळ हातभर लांब, रुंद, चपट्या, चांगल्या भाजलेल्या. एका रेषेत, थरावर थर. खाली नदीचे गोटे दाबून बसवलेले. बाजूला राखेची मऊ माती, तिच्यात खापरं आणि बांगड्यांचे तुकडे. मी खड्ड्यात उतरले, पदर खोचून, आणि तुला म्हटलं, थांब, ही भिंत आहे, टाऊन हॉलला कळवू या. तू काही बोलला नाहीस. संध्याकाळी गडी लवकर घरी पाठवलेस. मला वाटलं, तू ऐकलंस. सकाळी उठले तर खड्ड्यात काँक्रीट भरलेलं होतं. रात्री दिवे लावून तू ते काम उरकलंस आणि निघालेली माती, विटा, खापरं, सगळं ट्रॅक्टरने नदीकडे नेऊन टाकलंस. "काम बंद पाडतील, वर्षभर कोर्टकचेरी, आईला न्हायला जागा नाही," एवढंच म्हणालास. त्यानंतर आपण त्यावर कधी बोललो नाही. आई होती तोवर बोलताही आलं नसतं.

त्यातली एक वीट मात्र राहिली. आईने ती रांजणाखाली लावली होती, म्हणून वाचली. आता माझ्याकडे आहे. वरची बाजू पाण्याने गुळगुळीत झाली आहे. खालच्या बाजूला अजून भाताचं तूस जळून पडलेल्या खळग्या दिसतात, आणि एका कडेला तीन बोटांचे ठसे आहेत. ओली असताना कुणीतरी उचलली असणार. माझी बोटं त्यात बसत नाहीत, माझ्या बोटांहून ते बारीक आहेत. बाईची? पोराची? मी विद्यार्थ्यांना ती वीट हातात देते. पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, किती जुनी?" सातवाहनकाळातली वाटते, असं मी म्हणते. 'वाटते' एवढंच म्हणू शकते दादा, कारण ती ज्या थरात होती तो थर तू त्या रात्री काढून टाकलास. तिच्याशेजारी कुठलं खापर होतं, कुठलं नाणं होतं, वर काय होतं, खाली काय होतं, तेच तिचं वय सांगणार होतं. पत्ता आणि शिक्का फाडून टाकलेल्या पाकिटासारखी ती माझ्या टेबलावर पडून असते.

हे दुखणं आपल्या पोसायडनलाही आहे, हे तुला माहीत नसेल. राजाराम कॉलेजातले कन्नडचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार. शिलालेख वाचणारा माणूस, कोल्हापूर संस्थानातले आणि उत्तर कर्नाटकातले लेख त्यांनी १९३९ साली छापून ठेवले. (मातृभाषा कन्नड आणि जीव करवीरच्या मातीत. सीमाभागाच्या भांडणात अशा माणसांची आठवण कुणी काढत नाही.) पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास जो ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला, तो त्यांनीच उजेडात आणला. त्यात पोसायडन होता. रोमन घडणीचे जग, आरसा होता. आणि अस्सल इथलं काम असलेला तो हत्ती, पाठीवर माणसं बसलेला, ज्याच्यापुढे तू नंतर मला नेलंस आणि म्हणालास की हा माहूत आपल्या गल्लीतल्या कुणासारखा तरी दिसतोय. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी थरवार, पद्धतशीर उत्खनन केलं ते त्यानंतर, १९४५-४६ मध्ये. साठा आधीच वर निघालेला होता. म्हणून त्याच्याभोवतीचे वाद मिटले नाहीत. कार्ल खंडालावाला यांनी १९६० साली त्या वस्तूंचा पुन्हा नव्याने विचार केला. पुढे रिचर्ड डी प्यूमा या अमेरिकन अभ्यासकाने एकेक वस्तू तपासून सांगितलं, की यातल्या मोजक्याच रोमन, बाकीच्या इथल्याच. पण तो साठा कुणाचा? एखाद्या सावकाराच्या घरातला? व्यापाऱ्याचा माल? की वितळवायला आणलेली कुणा तांबटाची मोड? पोसायडनपुढे इथे कुणी हात जोडले का, की तो नुसता एक परदेशी शोभेचा पुतळा होता? हे मातीच सांगू शकली असती.

याच्या उलट एक गोष्ट आहे, ती ऐक. इटलीतलं पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. १९३८ साली तिथे एका घरात हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती मिळाली. अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी. भारतीय! जालना जिल्ह्यात भोकरदनला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचं इतकं साम्य आहे, की ती दख्खनमधूनच गेली असावी असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे त्यांचा देव घाट चढून आपल्याकडे आला आणि आपली बाई जहाजात बसून त्यांच्याकडे गेली. पण तिथे ते घर जपलं गेलं, त्याला त्या भारतीय मूर्तीचं नाव मिळालं. ती कुणाच्या ओसरीवर होती, तिच्या आसपास आणखी काय होतं, हे तिथे उभं राहून बोट दाखवून सांगता येतं. आपल्या समुद्रदेवाच्या घराकडे असं बोट दाखवता येतं का?

तू म्हणशील, बाईसाहेब, पुतळा मिळाला असता तर मीच टाऊन हॉलला नेऊन दिला असता, खापरकुटांचं काय घेऊन बसलीस? इथेच आपलं कधी पटलं नाही. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सांकळिया-दीक्षितांना काय कळलं, ते बघ. खालच्या थरांत सातवाहनकाळातली भाजक्या विटांची घरं. वर चढत चढत मध्ययुगात आलं, की बहमनी काळाच्या थरांत काचेच्या बांगड्यांचे रंगीबेरंगी तुकडे, एका बांगडीत दोन-दोन, तीन-तीन रंग. दीक्षितांना तर त्या काचेने असा लळा लावला, की पुढे त्यांनी भारतीय काचेचा इतिहासच लिहिला. पापाच्या तिकटीवर बांगड्या भरायला बसणाऱ्या आपल्या आत्याला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग काय, आमी काय आजच्या हाय? राजे कोण होते ते नाणी सांगतात. पण बायका हातात काय घालत, कुठल्या रंगाची हौस होती, काच कुठल्या शतकात स्वस्त झाली, हे सांगायला फुटक्या बांगडीशिवाय दुसरं कोण आहे?

नाण्यांवरून आठवलं. आपल्या भागात शिशाची नाणी मिळतात, धनुष्यबाण कोरलेली, आणि त्यावर विळिवायकुर, शिवलकुर अशी राजांची नावं. वासिठीपुत, माढरीपुत, गोतमीपुत, आधी आईचं नाव आणि मग स्वतःचं. दुसऱ्या शतकात तिकडे अलेक्झांड्रियात बसून टॉलेमी भूगोल लिहीत होता, आणि त्याने 'हिप्पोकुरा' नावाच्या गावात 'बलिओकुरोस' नावाचा राजा राहतो असं नोंदवलं. हा बलिओकुरोस म्हणजे आपला विळिवायकुर, असं विद्वान म्हणतात. इतक्या लांबच्या माणसाच्या कानावर आपल्या राजाचं नाव गेलं होतं, मोडकंतोडकं का होईना.

पण राजांपेक्षा मला दोन साधी माणसं जास्त जवळची वाटतात. १८७७ च्या सुमारास कोल्हापुरात एका स्तूपाच्या जागी उकरताना दगडी पेटी मिळाली, आत धातू, म्हणजे पूज्य अवशेष, जपून ठेवलेले. पेटीवर ब्राह्मी लिपीत एक ओळ होती. दान बम्ह नावाच्या माणसाचं, आणि ते करवून घेतलं धम्मगुप्ताने. बस्स. गाव नाही, जात नाही, पदवी नाही. एकाने पैसे दिले आणि दुसऱ्याने काम उभं केलं. देणारा आणि ठेकेदार म्हण हवं तर! रा. गो. भांडारकरांसारख्या पंडिताने ती ओळ वाचली. पण पेटी सापडली कुणाला? नाव कुणीच लिहून ठेवलं नाही. कुठल्यातरी बेलदाराच्या, वडाराच्या टिकावाला ती लागली असणार. त्याने आवाज दिला म्हणून आज आपल्याला बम्ह माहीत आहे.

आणि मला तुझ्याशी भांडायचंय ते इथे. या गावाचं पोट तुझ्याइतकं कुणी पाहिलंय दादा? मी पुस्तकं वाचली. तू पेठापेठांत खड्डे मारलेस. डेक्कन कॉलेजची माणसं एका हंगामात थोडी जागा उकरून गेली, तू हयातभर उकरतो आहेस. माती नुसती चिमटीत घेऊन तू सांगतोस, ही मूळची, ही भरावाची, ही पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची. गावोगावच्या पांढरीची माती लोकांनी खत म्हणून शेतात नेली, त्यात किती गावं विस्कटली कुणास ठाऊक. तूच मला एकदा जेवताना सांगत होतास, मंगळवार पेठेत एका ठिकाणी रांजणावर रांजण उतरवलेली कडी लागली, कुठे तळघरात दिव्यांच्या पणत्यांचा खच निघाला. मी घास तसाच ठेवून विचारलं, मग? "मग काय, स्लॅबची तारीख होती." आज जुन्या कोल्हापूरचा इतिहास पहिल्यांदा दिसतो तो जेसीबीवाल्याला आणि ठेकेदाराला. सगळ्यात जास्त बघणारी माणसं तुम्ही, आणि भीतीने सगळ्यात जास्त गप्प बसणारीही तुम्हीच. याचा मला फार त्रास होतो. तुझ्यासारख्याने तोंड उघडलं तर शंभर जण उघडतील, कारण ठेकेदार मंडळी तुझं ऐकतात, माझं नाही.

भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. बँकेचे हप्ते, बिल्डरची घाई, सोसायटीची बोलणी, मला समजतं. पण ऐकीव गोष्टींवर किती घाबरायचं? 'सापडलं की सरकार फुकट उचलून नेतं' हे तू लहानपणापासून ऐकत आलास. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं, हे त्यात आहे. पण मालक सिद्ध झाला नाही तर सापडवणाऱ्याचा आणि जागामालकाचा हक्कही त्याच कायद्यात आहे, आणि सरकारला वस्तू हवी असेल तर किंमत, वर किमतीचा पाचवा हिस्सा, देऊन ती घ्यायची तरतूद आहे. दडवलं तर मात्र गुन्हा. म्हणजे त्या रात्री दिवे लावून तू जे केलंस त्यातच जास्त धोका होता.

आता माझं मागणं. ऐकायला मोठं वाटेल, करायला फार नाही. आपल्या मागच्या खोलीखालचा भाग, जिथे तू काँक्रीट ओतलंस त्याच्या दोन्ही अंगांना ती भिंत अजून शाबूत असणार. तू तेवढीच जागा भरलीस, भिंत काही खड्ड्यापुरती नव्हती. तेवढ्या पट्ट्यात जेसीबी लावायचा नाही. घर पाडून झालं की कॉलमचे खड्डे सुरू होण्याआधी टाऊन हॉलच्या पुरातत्त्वच्या कार्यालयाला आणि विद्यापीठाच्या इतिहास विभागाला रीतसर पत्र द्यायचं, आपणहून. तो भाग हाताने उकरायचा, थराथराने, फोटो काढत, खोली मोजत, आणि तिथे उभा राहायचा तू. कारण विद्यापीठातल्या पोरांना थर वाचता येतात, पण हात कधी थांबवायचा हे गड्यांना तूच सांगू शकतोस. बिल्डरला मी भेटते. काम लांबलं आणि भाड्याच्या घराचा बोजा वाढला तर तो माझ्या वाट्यातून घ्या.

काही निघालंच नाही तर? मग नाही. थोडी माती जास्त उकरली एवढंच. पण निघालं, आणि या वेळी ती वीट कुठल्या थरातली हे समजलं, तर मी विद्यार्थ्यांना 'वाटते' म्हणणार नाही. आणि अहवालाखाली नाव तुझं येईल. बम्हाची पेटी ज्याला लागली त्याचं आलं नाही, तुझं येईल, मी तसं लिहून घेईन.

तुझं उत्तर काय असेल हे मला कळत नाही, आणि हेच मला खटकतं. लहानपणी तुझं उत्तर मला आधी ठाऊक असायचं. रात्रीचं ते काम तू आईसाठी केलंस, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण आई जाऊन इतकी वर्षं झाली, न्हाणीघर झालं, खोली झाली, पोरं मोठी झाली. आता कुणासाठी घाई करायची आहे?

पत्राचा मसुदा मी करून ठेवला आहे. रविवारी येते, करारनाम्यावर मी सही करीन, त्या अर्जावर तू कर. प्रॉपर्टी कार्डाची आणि जुन्या नकाशाची झेरॉक्स तेवढी काढून ठेव, आणि मागच्या खोलीचा पाया नेमका किती फूट खाली नेला होतास ते आठवून लिहून ठेव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी